न वाजवलेली घंटी

मंडळी, आज आमच्या तान्ह्या नातीला दिसलं!

आरतीत घंटी वाजली की ती मान वळवायची, म्हणून तिला दिसतं असंच आम्ही समजत होतो. लस टोचायला सीताबर्डीच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी खुळखुळा न वाजवता तिच्यापुढे फिरवला. डोळे हललेच नाहीत. जन्मापासूनचा मोतीबिंदू! ऑपरेशन झालं.

आज नवा चष्मा लावून तिला देवापुढे मांडीवर घेतलं. लोलक बोटानं धरून घंटी हळूच फिरवली. तिचे डोळे मागोमाग फिरले!

बायको ओरडली, "अजी, पाहून राहिली पोरगी! आता वाजवा ना!"

कशी वाजवू? घंटी नातीनं घट्ट पकडली होती. देवानंही आज बिनघंटीची आरती घेतली.

तुमच्या बाळाला आवाज न करता काही दाखवून पाहिलंत का?