अप्पांचा डोळा आणि पाच इंची दुर्बीण

आज फाटक रंगवताना काळ्या रंगाच्या वासानं बावीस वर्षांपूर्वीची मैलूरची गच्ची आठवली. मी आणि माझे वडील, अप्पा, मी घरी बनवलेली पाच इंची भिंगाची दुर्बीण तपासत होतो.

"चंद्राच्या कडंनं अंधार दिसायलाय," अप्पा म्हणाले.

मला चंद्र पूर्ण दिसत होता. पण रोज पूजेत तळहातावरच्या इष्टलिंगावर नजर रोखणाऱ्या अप्पांचा डोळाच मी खरा मानला. नळीच्या आत भटका उजेड अडवायला बसवलेल्या कड्याच चंद्राची कड झाकत असतील असं वाटून त्यांची भोकं तीनदा कापून मोठी केली, पुन्हा काळा रंग दिला.

"आता?"

"न्हाई, इंजिनेरसाब. आनखी काप की."

त्यात पाच महिने गेले. मग डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, त्यात कडेची नजर आधी जाते. गेलेली नजर परत येत नाही.

"मंग दुर्बिणीत बिघाड नव्हता व्हय?" अप्पांनी विचारलं.

"नव्हता," मी म्हणालो.