बंपरवरची चार माणसं

धुळे, रविवार, १३ ऑक्टोबर १९९१. नळाला पाऊण तास पाणी. गव्हाला ऊन दिले. मस्कतच्या मुलीचे पत्र आले, गुडघेदुखीची चौकशी आहे. मागच्या खोल्यांत राहणाऱ्या देवचंदने नातीची ठोकळ्यांची पेटी मागितली. काय करणार विचारले, तर म्हणाला, "क्रेन."

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. पेटी नातीसाठी मस्कतहून आली होती. एकमेकांत घट्ट बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, चाके, दोन कप्प्या. नात मोठी झाल्यावर ती माळ्यावर पडून होती. देवचंदला मूलबाळ नाही आणि त्याला खेळताना मी कधी पाहिले नव्हते.

देवचंद मूळचा भडगावचा. आग्रा रोडवर उलटलेले ट्रक उचलणारी क्रेन तो बारा वर्षे चालवत होता. जुन्या लष्करी ट्रकवर मागे लोखंडी दांडा, दोर आणि आकडा बसवलेली ती गाडी गुलाबशेठची. दांड्याला जड ट्रक लागला की क्रेनचेच तोंड वर उचलले जाई. त्यावर आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. चार माणसांनी क्रेनच्या पुढच्या बंपरवर चढून उभे राहायचे. त्यांच्या वजनाने तोंड खाली राहते. लहानपणापासून बघत आल्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. मलाही नाही.

ऑगस्टमध्ये सोनगीरच्या पुढे एक ट्रक नाल्यात गेला. बंपरवरच्या चौघांत देवचंदचा धाकटा भाऊ सुपडू होता. आकडा निसटला, वर आलेले तोंड दाणकन खाली आले आणि तोल जाऊन पडलेल्या सुपडूचा उजवा पाय बंपरखाली सापडला. तो अजून भडगावला घरी बसून होता, काखेत कुबडी. दिवाळीनंतर कापसाचे ट्रक सुरू होणार आणि बंपरवर पुन्हा चार माणसे चढणार. देवचंदला ते थांबवायचे होते. मागे जमिनीवर टेकणारे दोन लोखंडी पाय आणि पुढे कायमचे वजन बसवा, असे त्याने शेठला तीनदा सांगून पाहिले. शेठचे उत्तर ठरलेले, "माझ्या डोळ्यासमोर करून दाखव, मग बोलू."

"म्हणून करून दाखवतो," देवचंद मला म्हणाला. "आणि तरी नाही म्हणाले तर किल्ली त्यांच्या हातात देऊन मोकळा होतो."

त्याची बायको मंदाबाई दारातून अहिराणीत म्हणाली, "आयका अक्का! बारा वरीसनी नोकरी, आनि हाऊ ठोकळा मांडी बसना."

"हाई खेळ नही शे," देवचंद म्हणाला आणि खाली मान घालून ठोकळे रंगाप्रमाणे वेगळे करू लागला.

माझ्या व्हरांड्यात, रोज चार ते सहा, असे त्याचे काम चालले. आधी शेठच्या यार्डात जाऊन त्याने खरी क्रेन विताने मोजून आणली. एक वीत म्हणजे ठोकळ्यावरचा एक उंचवटा, हे माप. मागे दुहेरी चाके. केबिनच्या उजव्या बाजूला आरसा नाही, कारण खऱ्या गाडीलाही नव्हता. डावा दिवा फुटका, म्हणून त्या जागी मुद्दाम काळा ठोकळा. मी म्हटले, "एवढे बारकावे कशाला?"

"एक गोष्ट चुकली की शेठ म्हणतील, ही माझी गाडीच नाही. मग पुढचं बघणारच नाहीत."

दांडा तीन वेळा मधून तुटला. चौथ्या वेळी त्याने विटांच्या भिंतीसारखे सांधे एकाआड एक घेतले, तेव्हा टिकला. दोरासाठी मी क्रोशाचा सुती दोरा दिला. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेले क्रोशे माझ्या हातून अजून सुटलेले नाही. आकडा सेफ्टी पिनचा, दोर गुंडाळायचा दांडू सायकलच्या आऱ्याचा. उलटलेला ट्रक म्हणून माझा अडकित्ता घेतला.

मंगळवारी, बावीस तारखेला, पहिली चाचणी. पाय आणि वजन अजून लावायचे होते. आधी गाडी कशी उलटते ते दाखवायचे, असा बेत. त्याने आऱ्याचा दांडू फिरवला. अडकित्ता उचलला गेला, अधांतरी राहिला. गाडी हललीसुद्धा नाही.

"असं कसं?" देवचंद गोंधळला. त्याने पुन्हा फिरवले. पुन्हा तेच.

मी समोरच बसले होते. म्हटले, "देवचंद, तुझा डावा अंगठा बघ."

अंगठा गाडीच्या बंपरवर होता, चांगला दाबून धरलेला. त्याने तो चटका बसल्यासारखा काढला. गाडी मागे कोलमडली, केबिन सुटून पायरीवर गेली.

तो ठोकळे गोळा करायलाही उठला नाही. म्हणाला, "अक्का, बारा वर्षं मी काचेतून माणसं मोजतो. चार डोकी दिसली की लिव्हर ओढतो. आज डोकी दिसली नाहीत, तर हात आपोआप गेला."

मंदाबाईने केबिन उचलून त्याच्यापुढे ठेवली. त्या दिवशी सहा वाजता तो उठला नाही.

शनिवारपर्यंत दोन्ही पाय तयार झाले, आत सरकणारे, बाहेर येऊन जमिनीवर टेकणारे. पुढच्या वजनासाठी ठोकळे हलके पडत होते. माझ्या मागच्या दाराचे कुलूप बंपरवर बरोबर बसले.

रविवारी दहाला गुलाबशेठ आले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "काय रे देवचंद, बालवाडीत नाव घातलं की काय?" मग त्यांची नजर गाडीवर गेली. "अरे! फुटका दिवासुद्धा?"

"तुमचीच गाडी आहे, शेठ. तुम्हीच चालवा."

त्याने पाय आत सरकवले, कुलूप काढले आणि दांडू शेठच्या हातात दिला. शेठ स्वतः एके काळी ड्रायव्हर. ते दांडू फिरवू लागले, गाडीचे तोंड वर उचलले जाऊ लागले, आणि त्यांचे दुसऱ्या हाताचे बोट सरळ बंपरवर जाऊन टेकले.

"शेठ, बोट काढा."

"अं?"

"ते बोट म्हणजे आमचा सुपडू. काढा त्याला तिथून."

शेठनी बोटाकडे पाहिले आणि काढले. गाडी धाडकन मागे आपटली. कोणी हसले नाही.

देवचंदने गाडी सरळ केली, पाय टेकवले, कुलूप बसवले आणि हात मागे बांधून उभा राहिला. शेठनी दांडू फिरवला. अडकित्ता वर आला. शेठनी खिशातला किल्ल्यांचा जुडगाही आकड्याला अडकवला. पुढची चाके जमिनीवरच राहिली.

"पाय टेकवायला वेळ जाईल. पोलीस रस्ता मोकळा करा म्हणून डोक्यावर बसतात."

"चार मिनिटं. त्यांना मी सांगतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

देवचंदने खिशातून क्रेनची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मंदाबाई चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. शेठनी किल्ली उचलली, हातात फिरवली आणि परत त्याच्याकडे सरकवली.

"कापूस निघायच्या आत होईल?"

"दहा दिवसांत."

"मग उद्या गाडी यार्डात उभी कर. हे खेळणंही आण, वेल्डरला दाखवायला." दारापर्यंत जाऊन ते वळले. "सुपडूला बोलाव. बसून करायचं काम आहे यार्डात."

देवचंद कुलूप सोडवायला लागला. मी म्हटले, "राहू दे. वेल्डरने वजनासकट पाहायला हवे."

त्या संध्याकाळची नोंद: रविवार, २७ ऑक्टोबर. अडकित्ता परत मिळाला. मागच्या दाराला कुलूप नाही, आतून कडी घातली.