थिजलेल्या तुपाचा रंग

आमच्या खालच्या मजल्यावरच्या शामलाकाकूंकडे चहा-साखरेचे डबे वकीलसाहेबांत असतात. धुतलेले कपडे दातांच्या डॉक्टरांत वाळतात आणि पाहुणा आला की त्याला शादी हॉलमध्ये बसवतात. नवीन माणूस गोंधळतो. मी सोळा वर्षं त्यांच्या माडीवर भाड्याने राहते, मला आता त्यात काही वाटत नाही.

हे सगळं त्यांच्या यजमानांमुळे, भालचंद्रकाकांमुळे. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, पाटणकर बाजारातल्या एका रंगाच्या दुकानात काका चाळीस वर्षं रंग कालवत होते. मालक नव्हे, नोकरच. पण गिऱ्हाईक मालकाला नमस्कार करून काकांकडेच वळायचं. रंग तयार झाला की काका डब्याच्या झाकणावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे, शेजारी त्या रंगाचा ठिपका लावायचे आणि विचारायचे, "पसंत?" कुणी नाही म्हटलं की तो डबा दुकानात पडून राहायचा आणि शेवटी काकांच्या घरी यायचा. स्वयंपाकघराचा हिरवा रंग एका वकिलाने नाकारलेला, जांभळा व्हरांडा दातांच्या डॉक्टरचा, बाहेरची गुलाबी खोली शादी हॉलवाल्यांची. आमच्या अर्ध्या लष्कर भागाला ज्याने रंग निवडून दिले, त्याच्या स्वतःच्या घरात निवडून लावलेली एक भिंत नव्हती. मला याचा संताप यायचा. मी तोंडावर बोलायचे, तर काका म्हणायचे, "चांगला रंग फेकून द्यायचा का, निवेदिता?"

आणि दुकानात हाच माणूस काय अक्कल शिकवायचा. इथल्या उन्हाळ्याला घाबरून जो तो थंड रंग मागतो, निळा नाहीतर राखाडी. काका आधी विचारायचे, खिडकी कुठल्या दिशेला, खोलीत बसतं कोण. उत्तरेची खोली निघाली की म्हणायचे, "भैया, गर्मी तो निकल जाएगी, जनवरी में हमें याद करोगे." लोक ऐकायचे आणि पुढच्या वर्षी मिठाई घेऊन यायचे.

आता गंमत बघा. काकूंचं शिवणाचं मशीन उत्तरेच्या खोलीत. तिथे दिवसभर सारखा उजेड असतो, सुईत दोरा ओवायला बरा. आणि त्या खोलीला रंग कुठला, तर एका बँकेने परत केलेला निळा. काकूंना संधिवात, थंडी जराही सोसत नाही. नोव्हेंबरात अंगावर आलेली मरून शाल होळीलाच उतरायची. चाळीस वर्षांत त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "अहो, मला एक उबदार भिंत द्या ना कधीतरी." तेव्हा काका हसले होते, पण विसरले नव्हते.

गेल्या दिवाळीच्या आधी काका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या रंगाचा मोठा डबा आणि छटा आणायच्या स्टेनरच्या बाटल्या घेऊन अंगणात बसले. दुकानात आता रंग कालवायचं मशीन आहे, नंबर दाबला की हवा तो रंग मिळतो. पण शामलेचा रंग मशीन कालवणार नाही, म्हणाले. त्यांना थिजलेल्या तुपाचा रंग हवा होता, आणि तो त्यांच्या डोक्यात पक्का होता.

मी जिन्यात बसून बघत होते. पिवळ्याचे चार थेंब पडले, छान तुपाळ रंग आला. काकांनी डोळे बारीक केले. "फार पिवळा झाला." त्यांनी पांढरा ओतला. ढवळलं. "अजून पिवळाच." मग चक्क निळ्याचा एक थेंब घातला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तुपाचं बर्फाचं पाणी झालं. काका मात्र खूश. झाकणावर त्यांनी 'शामला' लिहिलं, ठिपका लावला आणि काकूंपुढे धरलं.

"पसंत?"

काकूंनी ठिपक्याकडे बघितलं, मग काकांच्या तोंडाकडे.

"पसंत," म्हणाल्या.

काका पुताईवाल्याला, म्हणजे रंगाऱ्याला, बोलवायला गेले, तशी मी काकूंवर उखडलेच. "काकू, हा दवाखान्याचा रंग आहे. तुम्ही त्यात कुडकुडणार."

"एक अक्षर बोलायचं नाही तू," काकू म्हणाल्या. "कालच नोकरी सुटलीय त्यांची. आज मी सांगू, की तुमची नजर पण गेली?"

मी तोंडाला कुलूप लावलं, पण मनात धुसफुसत राहिले. भिंत रंगली. डिसेंबर आला. काका दिवसातून चार वेळा त्या खोलीत डोकावायचे, आणि त्यांच्या चपलांचा आवाज आला की काकू घाईघाईने शाल काढून मशीनखाली कोंबायच्या. "आता शाल लागत नाही बघ हिला," काका मला कौतुकाने सांगायचे. ते गेले की काकू पुन्हा शाल घ्यायच्या. सत्तरीला टेकलेल्या बाईने हे दिवसातून चार वेळा करायचं. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगते, कधीकधी हेवाही वाटायचा.

जानेवारीत काकांनी माझ्या पांढऱ्याशुभ्र ओढणीला पिवळसर मोतिया म्हटलं आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरता घसरता वाचले. मग मी काही ऐकून घेतलं नाही. सवारीच्या टेंपोत बसवलं आणि कंपू भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बरेच पिकलेले. डॉक्टर म्हणाले, कित्येक महिने यांना सगळं पिवळट दिसत असेल.

ऑपरेशनची काकूंना भीती नव्हती. रात्री वर येऊन त्यांनी हळूच विचारलं, "त्यांना भिंत दिसेल ना गं आता?"

"दिसणारच. त्यासाठीच तर करतोय."

"ते दवाखान्यात आहेत तोवर पुताईवाला येऊन जाईल का?"

मी नाही म्हटलं. खोटेपणा आणखी किती वाढवायचा, असंही बोलले. त्या खाली मान घालून निघून गेल्या, आणि मला रात्रभर चुटपुट लागली.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काका घरी आले. हिरवा वकील बघून हसले, जांभळ्या डॉक्टरला "अरे बाप रे" म्हणाले. मग उत्तरेच्या खोलीच्या दारात थांबले. काकू मशीनपाशी बसल्या होत्या, सवयीने शाल काढून.

काकांनी नवा डोळा झाकला. मग तो उघडून जुना झाकला. असं तीन-चार वेळा केलं. एका डोळ्याला तूप दिसत होतं, दुसऱ्याला बर्फ.

"शामल," ते म्हणाले, "हे तू रोज बघत होतीस?"

काका जवळ गेले. त्यांच्या नव्या डोळ्याला काकूंच्या हातांवर आलेला काटाही दिसला. मग मशीनखालून लोंबणारं मरून टोक दिसलं. त्यांनी वाकून शाल ओढली, झटकली आणि काकूंच्या खांद्यावर घातली. जन्मभर लोकांना विचारत आलो, म्हणाले, आणि घरच्या माणसाने भीतीने हो म्हणावं.

"भीती कसली," काकू म्हणाल्या. "तुमचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवलं नसतं." आणि त्या रडायला लागल्या. मी पण रडले, लपवत नाही.

दुसराही डोळा झाला. गुढीपाडव्याच्या आधी काका पुन्हा अंगणात बसले. तोच पांढरा डबा, त्याच बाटल्या. पिवळ्याचे थेंब पडले, ढवळून झालं. नव्या झाकणावर 'शामला' लिहिलं, शेजारी ठिपका लावला. दिसायला सुरेख होता. मला विचाराल तर तूपच.

"पसंत?" काकांनी विचारलं.

काकूंनी झाकण हातात घेतलं, उन्हात नेलं, सावलीत आणलं. मी जिन्यात बसले होते. बाई, आता तरी हो म्हणा, असं मनात म्हणत होते.

"नापसंत," काकू म्हणाल्या. "अजून थोडा पिवळा हवा."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग असे हसले, की गल्लीतले लोक बाहेर आले. डोळे पुसत त्यांनी पिवळ्याची बाटली उचलली आणि विचारलं, "किती थेंब, बाईसाहेब?"

"तुम्ही घाला," काकू म्हणाल्या. "मी सांगते कुठे थांबायचं ते."