काट्यावरचं भस्म

मुंजाजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण काटे ओळखता येत होते. चौसाळ्याच्या पंचक्रोशीत तेवढी विद्या दुसऱ्या कुणाकडे नव्हती. बैल हाकणाऱ्या या माणसाला त्याच्या मालकांनी, शिवलिंगप्पांनी, मोटार घेतली तेव्हा सहा महिने हैदराबादला धाडलं. तिथल्या उस्तादाने त्याच्या मानेवर चापट्या मारमारून हातातल्या चाकासमोरच्या फळीवरच्या तीन तबकड्या घोटवून घेतल्या: ही पाण्याची, ही विजेची, ही तेलाची.

"तेल का काटा सोया, तो गाडी वहींच रोक," उस्ताद म्हणे. "बाप बोला तो भी नक्को चला."

मुंजाजी परत आला तो खाकी कोट घालूनच. त्याची बायको छबुबाई शेजारणींना सांगे, "आमच्यात आता कासरा न्हाई, काटा हाय." हे सुख दोन वर्षं टिकलं. बैलामागे पुन्हा जायचं नाही, एवढं एकच मागणं त्या माणसाचं होतं.

मग दसरा आला. मालकीणबाई जगदेवींनी मोटारीची पूजा केली. चाकांना हळद, भोंग्याला हार इथवर ठीक. पण तबकड्या त्यांना मोटारीचं तोंड वाटल्या. ओलं भस्म कालवून त्यांनी तिन्ही काचांवर आडवे पट्टे ओढले. ते वाळून चुन्यासारखे बसले.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीने उपरण्याच्या टोकाने तेलाची काच पुसायला घेतली. अंगठ्याएवढी पुसली असेल. मागे जगदेवी उभ्या.

"सवाशिणीचं कपाळ पुसावं तसं पुसलंस की रे मेल्या!"

"काटा दिसंना, आईसाहेब."

"पूजेचं आपणहून झडतंय. तुझ्या बापानं पुसलं व्हतं का?"

शिवलिंगप्पांनी भर बाजारात त्याला मोटारीच्या मडगार्डावर नाक घासायला लावलं. लोक हसले. हसणारच, खाकी कोट पुष्कळांच्या डोळ्यांत सलत होता. मग जगदेवींनी त्या काचेवर भस्माचा दुहेरी थर दिला.

तिसऱ्या दिवशी बीडला निजामाच्या तालुकदारसाहेबांचा दरबार होता आणि मालकाला मोटारीतून उतरताना दिसायचं होतं. वाटेत ओढा ओलांडताना खालून धोंडा लागला. थोड्या वेळाने इंजिनात ठकठक सुरू झाली. मुंजाजी काचेकडे बघतो, तर पांढरं भस्म. त्याने गाडी थांबवली.

"मालक, तेलाचा काटा बघू द्या. नखानं उलिसं खरडतो."

"काल नाक घासून भरलं न्हाई का रं? चल."

"इंजिन जाईल, मालक."

"इंजिन माझं हाय. तू कावून रडतो बे? हाकायचं नसंल तर कोट काढ अन् उतर."

मुंजाजीचा हात कोटाच्या गुंडीपर्यंत गेला. तिथून तो परत चाकावर आला. इथेच त्याचं चुकलं, असं म्हणायला आपलं काय जातं!

मांजरसुंब्याच्या अलीकडे इंजिनाने एक कर्कश ओरडा केला आणि ते जाम झालं. मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ ओढ्यापर्यंत गेलेली. दरबार बुडाला. ज्वारीच्या पेरणीचे दिवस, मोटार ओढायला कुणी बैल देईना; शेवटी एकाने एकच दिला. शिवलिंगप्पांनी जोखड बघितलं, मुंजाजीकडे बघितलं.

"दुसऱ्या बाजूला तू लाग. तुझी जागा तीच हाय."

त्याने कोट काढून मागच्या बैठकीवर ठेवला आणि मान खाली घातली. तीन कोस. मालक स्वतः चाक धरून बसले होते आणि वस्ती आली की भोंगा वाजवत होते. चौसाळ्यात पोरंसोरंच नव्हे, शहाणी माणसंही बघायला आली. छबुबाई दारात आली आणि आत गेली.

कोट काही परत मिळाला नाही.

महिन्याने हैदराबादहून उस्ताद मोटार बघायला आला. मुंजाजी तेव्हा मालकाच्या दारातच बैलगाडीतून कडबा उतरवत होता. मानेवरची जोखडाची जखम नुकती भरत आली होती. उस्तादाने इंजिन उघडलं, हात कपाळाला लावला.

"तेल बिलकुल नहीं था. मुंजाजी, मैं क्या बोला था रे? बाप बोला तो भी?"

"बाप न्हवता, उस्ताद," मुंजाजी पेंढी खाली टाकत म्हणाला. "मालक व्हते."

उस्ताद आत वाकला. तबकड्यांवर अजून भस्म होतं.

"ये क्या लगा है काच पे?"

जगदेवी दारात उभ्या होत्या. शिवलिंगप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"काय न्हाई. धूळ हाय. पुसा की."

उस्तादाने तेलकट बोळा फिरवला. काच लख्ख झाली. आत तेलाचा काटा तळाला निजलेला होता. मुंजाजीने तो दुरूनच ओळखला. जगदेवी म्हणाल्या, "उस्तादांना चहा ठेवते," आणि आत गेल्या.

"कडबा कोण उतरवणार बे, तुझा बाप?" शिवलिंगप्पा ओरडले.

मुंजाजीने दुसरी पेंढी उचलली.