मैनाबाईचं वांग

शेंदूरजनाघाटच्या बागांत संत्री तोडणाऱ्या बायांमध्ये मैनाबाईसारखा नितळ चेहरा दुसरीचा नव्हता. तिला त्याचा तोराही होता. विधवा बाईनं तोरा मिरवू नये असं ज्यांना वाटायचं, त्यांचेही चेहरे मी पाहिलेत, जाऊ द्या. तिचा उपाय साधा होता. काम आटोपून घरी आलं की हिरव्या संत्र्याची साल गालांवर चोळायची आणि दिवेलागणीला तोंड धुवायचं.

आईवेगळी भाची बेबी तिच्याकडेच वाढली. बासष्ट साली बेबीचं लग्न बाळापूरला जमत आलं. पोरीनं मावशीचा उपाय उचलला, पण घाई नडली. ती सकाळीच साल चोळायची आणि तशीच दिवसभर बागेत उन्हात राबायची. फाल्गुनात तिच्या दोन्ही गालांवर काळे डाग उमटले.

मुलाची आई पार्बताबाई पोरीला पाहायला आली आणि डाग बघून म्हणाली, "हे तं वांग हाय. वांग पोटुशीले येते. कुवार पोरीले कावून आलं?"

बेबी रडत आत गेली. गरोदरपणात वांग येतं हे खरं. पण तेवढ्यावरून पोरीच्या अब्रूला हात घालायचा, याचा मला आजही संताप येतो. मैनाबाई मात्र शांत होती. "तोडणी सरली का या," एवढंच ती म्हणाली.

मग तिनं बेबीला साल कधी चोळतेस ते विचारलं, आणि साल चोळून उन्हात गेल्यानंच डाग पडले हे तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवसापासून तीही सकाळीच साल चोळून, डोक्यावरचा पदर मागे टाकून उन्हात उभी राहू लागली. बेबीनं हातापाया पडून पाहिलं. बाया हसल्या. तिनं कोणाचं ऐकलं नाही.

पार्बताबाई पुन्हा आली तेव्हा मैनाबाईचे गाल बेबीहून काळे होते.

"पाहून घ्या," मैनाबाई म्हणाली. "बेबीनं जे लावलं तेच म्या लावलं अन् उन्हात गेली. माया मालक जाऊन दहा वर्सं झाली, पाळीबी गेली. आता सांगा, मले कोणाचं पोर राह्यलं?"

पार्बताबाईनं चहा मागितला. त्याच बैठकीत तारीख ठरली.

बेबीचे डाग वर्षभरात फिके पडले. मैनाबाईचे गेले नाहीत. कातडं उतारवयाचं होतं. बेबी माहेरी आली की त्या गालांवरून हात फिरवायची आणि तिचे डोळे भरून यायचे. मैनाबाई तो हात बाजूला करायची.

"तुया लग्नाचा फोटो कुठी काढला आपुन? हाच राहू दे."