तितीरमारे सरांचे चौकोन

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. शाळेच्या स्टाफरूममध्ये एक खुर्ची मिळाली की ते आपोआप साचत जातात, कपाटामागे खडूचे तुकडे साचतात तसे. मग कधीतरी कपाट हलवायची वेळ येते आणि आपणच तोंडात बोट घालतो, अरे बापरे, एवढे! परवा भाचीनं मोबाइलवर बोट फिरवून रंगीत चौकोनांची नक्षी काढून दाखवली. ‘‘मावशी, बघ, दर वेळी नवीन डिझाइन!’’ मी म्हटलं, ‘‘बाळा, हे आम्ही सिहोरा रस्त्यावरच्या शाळेत तुझ्या जन्माआधी केलंय.’’ तिला वाटलं, मावशी थापा मारतेय. म्हणून आज कपाट हलवायला घेतलं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी, बावनकर म्याडम, गणित शिकवायची. म्याडम वऱ्हांड्यात दिसल्या की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पाय आत घ्यायची, हे मी नाही, तीच पोरं आता म्हणतात! ड्रॉइंगला होते सुधाकर तितीरमारे सर. पोरांना ते कलश आणि केळीचं पान शिकवायचे, पण स्वतः घरी काढायचे फक्त चौकोन. मोठ्या चौकोनात लहान चौकोन, काळ्या रेषा, मधे सपाट रंग. ना झाड, ना माणूस, ना देव. स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे, ‘‘सर, हे काय आहे?’’ सर शांतपणे सांगायचे, ‘‘चित्र आहे.’’ पुढचा प्रश्न विचारायची कोणाची टाप नव्हती.

* * *

टाप होती फक्त त्यांच्या वडिलांची. बाबाजी आसगावचे, धानाचे शेतकरी. एकदा मुलाकडे मुक्कामाला आले. भिंतीला टेकवलेला भला मोठा कॅनव्हास होता, सरांनी अख्खा उन्हाळा त्यावर घातला होता. बाबाजींनी एक नजर टाकली आणि सुनेला विचारलं, ‘‘फरशी मस्त आहे वं. बसवता कवा?’’

हा किस्सा सर स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे. पण एकदा आम्ही दोघंच पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा हसता हसता थांबले. म्हणाले, ‘‘म्याडम, बाबानं चांगलं म्हनावं असं नाही. पन एकदा थांबून पाहावं. बस, एकदा.’’ मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसणं माझ्या स्वभावात नाही. काय करता येईल ते मी पाहायला लागले.

* * *

आणि नेमका त्याच पावसाळ्यात शाळेला कॉम्प्युटर मंजूर झाला! मी नागपूरला जाऊन ट्रेनिंग घेऊन आले होते. सामान आणायला भंडाऱ्याला गेलो, परत येताना जीपमध्ये पुढे जिल्ह्याचे साहेब आणि आमचे हेडमास्तर पटले सर, मागे मी, मांडीवर मॉनिटरचा खोका. पटले सरांनी खास नवा पांढरा सफारी घातला होता. धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती, दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे आमची चौकोनी भातखाचरं, पाण्यानं टम्म भरलेल्या.

अचानक पटले सर ओरडले, ‘‘थांबव! थांबव गाडी!’’ मला वाटलं, कॉम्प्युटर पडला. सर उतरले, चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट चिखलात! एका बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, फुटला होता आणि पाणी भसाभसा खाली चाललं होतं. सरांनी दोन्ही हातांनी चिखलाचे गोळे काढले, भगदाडात कोंबले, वरून टाच मारमारून घट्ट केले आणि परत येऊन गाडीत बसले.

साहेब शहरातले. त्यांनी अदबीनं विचारलं, ‘‘पटले सर, आपलं शेत का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कोणाचं?’’

‘‘मले काय मालूम! फुटला होता ना!’’

 साहेबांना कोण सांगणार, आमच्याकडे फुटलेला धुरा दिसला की आधी माणूस उतरतो; शेत कोणाचं, त्याच्याशी आपलं भांडण आहे का, हे सगळं नंतर. शाळेपाशी उतरताना पटले सरांनी खोक्याला हात लावला. आमच्या कॉम्प्युटरचं पहिलं उद्घाटन असं हेडमास्तरांच्या चिखलाच्या पंजानं झालं, नारळ दुसऱ्या दिवशी फुटला.

* * *

मशीन लागली आणि मी तितीरमारे सरांना गाठलं. ‘‘सर, तुमचं एक चित्र महिनाभर चालतं. मला फक्त नियम सांगा. त्याचे शंभर प्रकार मशीन काढील.’’

सर म्हणाले, ‘‘चित्राले नियम असते का म्याडम?’’

‘‘तुमच्या चित्राला आहेत. मी सगळी नीट पाहिलीयत.’’

कोणीतरी आपली चित्रं नीट पाहिली म्हटल्यावर माणूस विरघळला! स्टूल ओढून बसले आणि सांगायला लागले. रेषा सरळ. लागून असलेल्या दोन चौकोनांना एक रंग नको. आणि शेवटचा नियम, प्रत्येक चित्रात एक रेष कुठेतरी तुटलेली हवी.

‘‘ती कशाला?’’

‘‘सगळं बंद केलं का चित्राचा जीव गुदमरते.’’

‘‘बरं. कुठे तोडायची?’’

‘‘मनाले वाटन तिथं.’’

‘‘सर, मशीनला मन नसतं.’’

सर म्हणाले, ‘‘मंग तुमचं टाका ना त्यात!’’

मी टाकलं. म्हणजे कोणताही आकडा आपल्या मर्जीनं निवडायचा हुकूम कॉम्प्युटरच्या बेसिक भाषेत असतो, तो टाकला. बटण दाबलं की पडद्यावर एकेक रेष ओढली जायची, एकेक चौकोन भरायचा आणि शेवटी टप्पकन एका रेषेचा तुकडा गायब! पहिलं चित्र पूर्ण झालं तेव्हा सर उभे राहिले. म्हणाले, ‘‘हे तं मी काढलंच नाही. पन माझंच आहे.’’ त्या दिवशी आम्ही दोघंही मधल्या सुट्टीत जेवलो नाही.

* * *

मोहाडीचे एक विणकर मुलीच्या ॲडमिशनला आले होते. त्या दिवशी आम्ही चौकोनांना कर्ण मारून त्रिकोण केले होते, काठाला करवतीसारखे दाते आले होते. ते दारातूनच ओरडले, ‘‘अरे, हे तं करवतकाठी लुगडं!’’ आत आले, पडद्याच्या समोरून पाहिलं, मागे जाऊन वायरी पाहिल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग मला म्हणाले, ‘‘म्याडम, एवढं काढून रायली, तं इनत काहून नाही?’’

मी एवढी हजरजबाबी, पण त्या दिवशी फॉर्म पुढे ओढला आणि मुलीला ॲडमिशन दिली.

* * *

मग आली साहेबांची तपासणी. पटले सरांनी छाती फुगवून सांगितलं, ‘‘साहेब, एकदा आलेलं चित्र पुन्हा येत नाही! दर वेळी नवीन!’’ साहेबांनी चार-पाच चित्रं पाहिली, खूश झाले, जेवायला गेले. मधे लाइन गेली आणि आली. जेवून पुन्हा बसले. मशीन सुरू केली. आलं की तेच पहिलं चित्र, कोपऱ्यात लाल! मग तेच दुसरं. तेच तिसरं!

 मशीन बंद करून सुरू केली की तिचे ते ‘मर्जीचे’ आकडे पुन्हा त्याच क्रमानं यायचे, हे ट्रेनिंगवाल्यांनी सांगितलंच नव्हतं.

पटले सर कळवळून म्हणाले, ‘‘म्याडम, हे तं घोकून आलं!’’

साहेब म्हणाले, ‘‘तुमच्याच शाळेचा विद्यार्थी दिसतो!’’

मला असलं कोणी म्हटलेलं खपत नाही. दुसऱ्याच दिवशी मी प्रोग्राम बदलला. मशीनच्या पोटात एक घड्याळ चालू असतं. माणूस ज्या क्षणी बटण दाबेल तो क्षण पकडायचा आणि त्यावरून आकडे काढायचे. म्हणजे दाबणारा बदलला, क्षण बदलला, की चित्र बदललं.

तितीरमारे सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हंजे ज्यानं बटन दाबलं, त्याचं चित्र?’’

‘‘तसंच समजा.’’

‘‘मंग आमच्या बाबानं दाबलं तं?’’

‘‘तर ते त्यांचं चित्र.’’

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. मी फळा पुसायला घेतला.

* * *

प्रोग्राम तेव्हा कॅसेटवर ठेवायचा. टेपरेकॉर्डर शाळेत एकच. आठवडाभर कॉम्प्युटरला, आणि झेंडावंदनाला देशभक्तिपर गाणं लावायला. आमचे शिपाई मोतीराम यांनी सव्वीस जानेवारीला घाईत कॅसेट न बदलताच टेप सुरू केला.

झेंडा वर गेला. अख्खी शाळा, सरपंच, गावकरी सावधान. आणि लाउडस्पीकरमधून गाण्याऐवजी ‘च्यँऽऽऽ कर्रर्र किर्रर्र!’ बैलगाड्यांचे बैल उधळले. मोतीराम घाबरून टेपच्या बटणावरच हात ठेवून उभे. पटले सरांना वाटलं, हे शासनाचं काही नवीन असेल. ते सलामी देऊन ताठ उभे राहिले. हेडमास्तर हलत नाहीत म्हटल्यावर सरपंच हलेनात, सरपंच हलेनात म्हणून गाव हलेना. कॅसेट संपेपर्यंत सगळे सावधान!

तितीरमारे सर माझ्या शेजारी उभे होते. ओठ न हलवता म्हणाले, ‘‘म्याडम, आपल्या चित्राले सलामी भेटली.’’

मी आयुष्यात झेंड्यासमोर फक्त त्याच दिवशी हसले.

* * *

आता शेवटचा. त्या वर्षी स्नेहसंमेलन लांबत लांबत फेब्रुवारीत गेलं. तितीरमारे सरांनी त्यांच्या चित्रांचं आणि कॉम्प्युटरचं प्रदर्शन मांडलं आणि आसगावला निरोप धाडला. बाबाजी आले. एसटी बदलत, हातात सुवासिक चिन्नोर तांदळाची पिशवी, डोक्याला पटका. सरांनी त्यांना भिंतीवरच्या एकेका चित्रासमोरून नेलं. बाबाजी पंख्याकडे पाहत पुढे सरकले. शेवटी त्यांना मॉनिटरसमोर पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी डबीतून तंबाखू आणि चुना काढून मळायला घेतला. सरांचा चेहरा मला बघवेना.

सर एकामागून एक चित्रं काढत होते. लोक ‘‘वा, वा’’ म्हणत होते. बाबाजी तळहाताकडे पाहून तंबाखू मळत होते.

मी म्हटलं, ‘‘बाबाजी, आता तुम्ही बटन दाबा.’’

‘‘मले कायले? बिघडन ना!’’

‘‘नाही बिघडत. तुम्ही दाबलं तर तुमचं येईल.’’

‘‘माझं काय येते?’’

पण दाबलं. जोरात, दारावरच्या घंटीसारखं. काळ्या रेषा निघाल्या, आडव्या, उभ्या. चौकोन भरायला लागले. हिरवा, पिवळा, हिरवा. मधोमध एक मोठा निळा. आणि शेवटी त्या निळ्या चौकोनाच्या खालच्या रेषेचा तुकडा गेला.

बाबाजींचा अंगठा तळहातावर थांबला.

ते उठले. पडद्याजवळ गेले, वाकले, निळ्या चौकोनावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मग डबीतून बोटभर चुना काढला आणि सरळ पडद्याच्या काचेवर, रेष तुटली होती तिथे थापला. वरून अंगठ्यानं दाबून घट्ट केला.

हॉलमध्ये एकच गलका झाला. ‘‘अरे अरे! सरकारी मशीन!’’ पटले सर ओरडायला उठले, त्यांची नजर पडद्यावर गेली आणि ते परत खाली बसले.

तितीरमारे सर कसेबसे म्हणाले, ‘‘बाबा, काहून?’’

बाबाजी धोतराला बोट पुसत होते. ‘‘काहून म्हंजे? पानी जाऊन रायलं होतं ना!’’

लोक हसले. सर हसले नाहीत. बापाशेजारी स्टूल ओढून बसले. हॉल शांत व्हायची वाट पाहिली, हात बटणाकडे नेला आणि विचारलं, ‘‘बाबा, दुसरं काढू?’’

बाबाजींनी पडद्यावरची नजर न काढता मुलाचा हात धरला.

‘‘थांब ना बापू. बांधी भरू दे पयले.’’