चांदीखालचं तांबं

संग्रहालयात जुनी नाणी तपासणाऱ्या तपासनीसांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. कुणी नाणं घेऊन आलं की ते आधी टेबलावरच्या तबकाकडे बोट दाखवायचे आणि मग व्हरांड्यातल्या बाकाकडे. नाणं तबकात, माणूस बाकावर. "आधी नाणं, मग गोष्ट," एवढंच म्हणायचे. येणारा प्रत्येक जण गोष्ट घेऊनच आलेला असे. कुणाच्या आजोबांना विहीर खणताना नाणं सापडलेलं, कुणाला साधूने दिलेलं. गोष्ट एकदा कानात शिरली की डोळ्यांत उतरते आणि मग नाण्यावर नसलेलंही दिसायला लागतं, असा त्यांचा अनुभव होता. एक गृहस्थ तर बाकावरूनच मोठमोठ्याने गोष्ट सांगू लागले, तेव्हा तपासनीसांनी शांतपणे उठून दार लावून घेतलं होतं.

त्या दिवशी मात्र दारात त्यांच्या वहिनी उभ्या राहिल्या, आणि बाकाकडे बोट दाखवायचा धीर काही त्यांना झाला नाही. त्याचा उपयोगही नव्हता. वहिनींच्या नाण्याची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती.

दादा, म्हणजे तपासनीसांचे थोरले भाऊ, बोटीवर इंजिनाला तेलपाणी करायचे. घरी आले की थापांचं पोतंच सोडायचे. कुठल्याशा बंदरात राजाने त्यांना चहाला बोलावलं होतं, एक देवमासा रात्रभर बोटीला टेकून घोरत होता, असलं काहीबाही. सगळे हसायचे, दादाही हसायचे. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीवरून येताना त्यांनी बायकोसाठी एक नाणं आणलं. रोमन आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं, खऱ्या चांदीचं, असं सांगून ते चौकटीत बसवून तिच्या गळ्यातल्या साखळीत घातलं. दादांचा शब्द म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही. पुढे धाकटा भाऊ नाण्यांच्याच कामाला लागला, तेव्हा घरात थट्टा सुरू झाली, की आता होऊन जाऊ दे तपासणी. दादा म्हणाले, "हिला दिलंय ते. तपासायला नाही दिलेलं." तो विषय तिथेच मिटला. दादा जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

वहिनींनी साखळी काढून टेबलावर ठेवली. नातीचं लग्न ठरलं होतं आणि तिला हे नाणं हवं होतं. आजोबांची आठवण म्हणून द्यायला वहिनींची ना नव्हती. पण देताना काय सांगून द्यायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

"भाऊजी, तुम्हाला एक सांगते, कुणाला बोलले नाही आजवर," त्या म्हणाल्या. "साखळी घासून घासून एका कडेला चांदी गेली, नि खालून तांबं दिसायला लागलं. आमचा धाकटा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. मला तेव्हाच कळलं. यांना काही बोलले नाही. म्हटलं, थाप तर थाप, हौसेने मारलीय ना."

"मग आता कशाला तपासायचं?"

"माझं चाललं हो तसंच. पोरीला कसं फसवू?"

तपासनीसांनी नाणं चौकटीतून मोकळं करून तराजूत ठेवलं. वजन कमी भरलं. भिंगाखाली धरलं, तर कडेला खरंच तांबूस रेघ. पुढचा जाड मानेचा सम्राट ओळखता आला, मागे तराजू घेऊन उभी असलेली खऱ्या मापाची देवीही ओळखता आली. पण पुस्तकात शोधलं तर या सम्राटामागे ही देवी कुठेच नव्हती. ती आधीच्या सम्राटाच्या नाण्यावरची. दुसऱ्या कुणाचं नाणं असतं तर त्यांनी एवढ्यावर खोटं म्हणून मान हलवली असती. आता मात्र ते पुन्हा भिंगाकडे वळले, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला त्यांना सम्राटाच्या नाकात दादांचं नाक दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं. आपला डोळा आज कामाचा नाही, हे त्यांनी ओळखलं.

कुणा दात्याकडून आलेली नाणी तबकात होती. त्यांतच वहिनींचं नाणं मिसळून ते तबक त्यांनी पलीकडच्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडे नेऊन दिलं. बाईंनी काही विचारलं नाही. गोष्ट नंतर, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग तपासनीस परत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच व्हरांड्यातल्या बाकावर बसले, वहिनींच्या शेजारी. बाक किती टणक आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. वहिनींनी पर्समधून लवंग काढून त्यांच्या हातावर ठेवली.

बाई आल्या त्या हसतच. तबकातली बाकीची नाणी त्यांनी बाजूला सारली आणि हेच एक चिमट्यात धरलं. "हे खोटं आहे," त्या म्हणाल्या, "पण तेव्हाचंच खोटं."

वहिनींना काही उमगलं नाही. बाईंनी मग दोघांना प्रयोगशाळेत नेलं, वहिनींना सूक्ष्मदर्शकावर वाकायला लावलं आणि दाखवलं. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून वरून छाप मारलेला. आत तांबं गंजून फुगलं होतं, पत्र्याला आतून तडे गेले होते आणि त्या तड्यांत लाल-हिरवे खडे धरले होते. असे खडे घडवता येत नाहीत, जमिनीत शतकानुशतकं पडून राहिल्यावरच ते धरतात. रोममध्येच कुण्या ठगाने हे पाडलं होतं, हाताला लागले ते दोन भलतेच छाप वापरून. "आणि त्यातही तराजूवाली देवी घेतली मेल्याने," बाई म्हणाल्या.

बाकावर परत आल्यावर वहिनींनी नाणं तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे हे खरं बोलले होते."

"चांदीचं सोडलं तर. आणि ते त्यांना कुठून कळणार होतं?"

"मी आपली मनातल्या मनात माफ करत बसले," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं. कधी भांडण झालं की मी मनाशी म्हणायचे, जाऊ दे, एवढं मोठं पोटात घातलंय तर हेही घालू. मग ते माफ केलं कुणाला?"

"त्या ठगाला, वहिनी."

त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. तपासनीस उगाचच व्हरांड्याच्या टोकाकडे बघत राहिले. एकदा विचारलं असतं तर, असं वहिनी पुटपुटल्या. विचारलं असतं तरी दादांनी त्यात देवमासा घातलाच असता, असं तपासनीस म्हणाले, तेव्हा त्यांनी डोळे पुसत मान हलवली.

तपासनीसांनी नाणं चौकटीत नीट बसवलं, साखळीत अडकवलं आणि नातीसाठी एखादी डबी देऊ का, असं विचारलं.

"नको," वहिनी म्हणाल्या, आणि साखळी गळ्यात घालून मागे हात नेऊन त्यांनी फासा लावला. "तिला दुसरं काहीतरी देते. माझ्यामागे घेईलच ती हे. आत्ता कुठे मला मिळालंय."